कंपवात : वार्धक्याआड लपणारा आजार

वार्धक्य आणि थरथरणारे हात यांची सांगड लोकांच्या मनात इतकी घट्ट बसलेली आहे, की एखाद्या वृद्धाच्या हातातील कप बशीवर किणकिणू लागला तर त्याचे कोणालाच नवल वाटत नाही. ‘वय झाले’ या दोन शब्दांत त्या कंपाचे कारण सांगून घरातील माणसे आपापल्या कामाला लागतात. या समजुतीमुळे दोन्ही बाजूंनी घोटाळा होतो. हात थरथरणाऱ्या प्रत्येकाला कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, असतोच असे नाही. आणि कंपवात झालेल्या प्रत्येकाचा हात थरथरतोच असेही नाही. पहिल्या घोटाळ्यामुळे काही माणसे विनाकारण धास्तावतात. दुसऱ्यामुळे होणारे नुकसान अधिक मोठे आहे. ज्याचा हात थरथरत नाही, पण जो दिवसेंदिवस मंद, अबोल आणि पुढे वाकलेला होत चालला आहे, अशा माणसाला आळशी, हट्टी किंवा तऱ्हेवाईक ठरवले जाते. उपचारांनी ज्या वर्षांत त्याला पुष्कळ आराम मिळाला असता, ती वर्षे घरच्यांची बोलणी खाण्यात निघून जातात.

कंप हे लक्षण आपल्याकडील वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. ‘माधवनिदान’ या आयुर्वेदीय ग्रंथात सर्वांगाला किंवा मस्तकाला येणाऱ्या कंपाला ‘वेपथु’ असे नाव दिलेले आहे. आधुनिक वैद्यकात या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ साली एका छोट्या निबंधात केले. लंडनजवळच्या हॉक्स्टन येथे तो वैद्यकी करीत असे; जीवाश्मांचा अभ्यासक म्हणूनही त्या काळी त्याचे नाव होते. त्याने निबंधात अवघ्या सहा माणसांची हकीकत दिली आहे, आणि त्यांतील काही जण तर त्याचे रुग्णही नव्हते. रस्त्याने जाता-येता त्यांची चाल, त्यांचे पुढे झुकणे, त्यांचे हात यांकडे त्याचे लक्ष गेले आणि त्याने ते टिपून ठेवले. त्याच्यापाशी क्ष-किरण नव्हते, रक्तचाचण्या नव्हत्या. चालणाऱ्या माणसाकडे लक्षपूर्वक पाहणे एवढेच त्याचे साधन होते, आणि आज दोनशे वर्षांनंतरही हा आजार ओळखण्याचे मुख्य साधन तेच राहिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शार्को या फ्रेंच वैद्याने आजाराला पार्किन्सनचे नाव दिले. पार्किन्सनने वापरलेला ‘कंपयुक्त पक्षाघात’ हा शब्द त्याला पटला नव्हता. या रुग्णांची ताकद पक्षाघातासारखी गेलेली नसते, आणि काहींना तर कंपही नसतो, हे शार्कोने दाखवून दिले. त्याची ही दुरुस्ती सर्वसामान्य लोकांपर्यंत मात्र अजून पुरती पोहोचलेली नाही.

मग नेमके बिघडते काय? मेंदूच्या मध्यभागात काळपट रंगाच्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. लॅटिन भाषेतील त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘काळा पदार्थ’ असा आहे. या पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात. माणूस चालतो तेव्हा ‘आता उजवा पाय उचलू, आता डावा हात पुढे नेऊ’ असा विचार करीत नाही. शर्टाचे बटण लावताना बोटांना सूचना द्याव्या लागत नाहीत. सवयीच्या या हालचाली सुरळीत, योग्य वेगाने आणि आपोआप व्हाव्यात यासाठी डोपामीनची गरज असते. कंपवातात या काळपट पेशी हळूहळू मरत जातात. त्या का मरतात, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. वाढते वय, आनुवंशिकता आणि काही कीटकनाशकांसारखी विषारी द्रव्ये यांचा त्यात वाटा असतो, इतके समजले आहे. शरीर बराच काळ ही तूट भरून काढते. हालचालीतील दोष उघड दिसू लागतो तेव्हा या पेशींचा फार मोठा भाग, निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक, नष्ट झालेला असतो. म्हणजे ज्याला आपण आजाराची सुरुवात म्हणतो, ती वस्तुतः बरीच उशिराची खूण असते.

या आजाराची सुरुवात बहुधा शरीराच्या एकाच बाजूने होते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण म्हातारपण उजवे-डावे पाहत नाही. निरोगी माणूस चालताना त्याचे दोन्ही हात लयीत मागे-पुढे होतात. कंपवाताच्या आरंभी यांपैकी एक हात झुलेनासा होतो. तो कोपरात किंचित दुमडून अंगाशी चिकटलेला राहतो. कधी त्याच बाजूचा पाय थोडा फरफटतो आणि घरात वावरताना एकाच चपलेचा घासल्यासारखा आवाज येतो. कधी खांदा दुखतो, आखडतो. मग तेलाने मालीश होते, शेक घेतला जातो, हाडांच्या डॉक्टरांकडे खेपा होतात. खांदा आखडण्याची इतरही पुष्कळ कारणे आहेत. परंतु खांद्याचे दुखणे, त्याच बाजूच्या हाताचे न झुलणे आणि त्याच हाताच्या बोटांचा मंदपणा या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर विचार खांद्यापुरता ठेवून चालत नाही.

हालचालींचा मंदपणा हे या आजाराचे केंद्रस्थानी असलेले लक्षण होय. कंप नसला तरी ते असतेच. ते प्रथम बारीक कामांत प्रकट होते. सदऱ्याची बटणे लावायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. साडीच्या निऱ्या घालताना बोटे अडखळतात. पोळी लाटताना लाटणे एकीकडे कमी फिरते आणि आयुष्यभर गोल पोळ्या करणाऱ्या बाईची पोळी वाकडी होऊ लागते. पाकिटातून नाणी काढायला उशीर होतो आणि मागच्या रांगेतील माणसे कुरकुरतात. पाटावरून किंवा खोल खुर्चीतून उठताना दोन-तीनदा झोका घ्यावा लागतो. रात्री अंथरुणात कूस बदलणे जड जाते. या माणसाच्या अंगात शक्ती असते. हालचाल सुरू करणे आणि ती पुरेशी मोठी ठेवणे त्याला साधत नाही. डॉक्टर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर टेकवायला सांगतात, ते हेच पाहण्यासाठी. निरोगी बोटे जवळपास सारख्या अंतराने उघडत-मिटत राहतात. कंपवाताच्या रुग्णाच्या बोटांतील अंतर मात्र क्षणाक्षणाला कमी होत जाते आणि बोटे जणू जागीच रेंगाळतात.

हेच आकसणे हस्ताक्षरात उमटते. ओळीच्या आरंभी अक्षर नेहमीसारखे असते, पुढे ते बारीक होत जाते, शब्द एकमेकांना खेटतात आणि ओळ संपेपर्यंत ते वाचणे कठीण होते. आपल्या देशात या लक्षणाचा पहिला साक्षीदार पुष्कळदा बँकेतील कारकून असतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाची सही नोंदीतील सहीशी जुळत नाही, धनादेश परत येतो, ‘आजोबा, नीट सही करा’ असे सर्वांसमोर ऐकावे लागते. पुन्हा केलेली सही आधीच्या सहीहून लहान येते. अखेर अंगठा लावून काम भागवले जाते. ज्याने आयुष्यभर सही केली, किंवा ज्याने प्रौढपणी मोठ्या कष्टाने सही करणे शिकून घेतले, त्याच्या मनाला हा अंगठा किती लागत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. त्या काउंटरवर तरी कोणाला वाटावे की हे आजाराचे चिन्ह आहे! २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू झाली आणि हयातीचा दाखला बोटांच्या ठशांवरून किंवा डोळ्यांच्या खुणेवरून संगणकाद्वारे देता येऊ लागला. वृद्धांची त्यामुळे मोठी पायपीट वाचली. मात्र बदललेली सही कोणाच्या तरी नजरेस पडण्याचा एक प्रसंगही त्याबरोबर कमी झाला. घरात जुनी पत्रे, दुधाच्या हिशेबाची वही, किराण्याच्या याद्या असतात. त्यांतील पाच वर्षांपूर्वीचे अक्षर आणि आजचे अक्षर शेजारी-शेजारी ठेवून पाहणे कोणालाही शक्य आहे. इतका साधा आणि बिनखर्चाचा पुरावा दुसरा नाही.

चेहऱ्यातील बदल ओळखणे याहून अवघड असते, कारण चेहऱ्याकडे आपण खूण म्हणून पाहत नाही. त्यावरून मनाचा अर्थ लावतो. चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात, पापण्यांची उघडझाप कमी होते, हसू उमटायला वेळ लागतो आणि उमटले तरी ओठांच्या कडांपाशीच थांबते. नातू बक्षीस दाखवायला धावत येतो आणि आजोबा कोऱ्या चेहऱ्याने पाहत राहतात. आतून त्यांना आनंद झालेला असतो, पण तो चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही. सून म्हणते, ‘बाबा हल्ली कशानेच खूश होत नाहीत’. मुलाला वाटते, आपल्यावर त्यांचा काही राग आहे. कुटुंबातील कित्येक अबोले अशा गैरसमजातून सुरू होतात. कंपवाताने केलेल्या हानीत या दुराव्याची गणना वैद्यकाच्या पुस्तकांत सहसा होत नाही, परंतु घरातल्या घरात तो फार महागात पडतो.

आवाजाचेही असेच होते. तो हळू, सपाट आणि कधी घोगरा होतो. रुग्णाला मात्र आपण नेहमीच्याच आवाजात बोलत आहोत असे वाटते. त्यामुळे ‘मोठ्याने बोला’ असे सांगितले की तो समोरच्यालाच बहिरा ठरवतो. वृद्ध दांपत्यांमध्ये ऐकू न येण्यावरून होणाऱ्या कुरबुरी काही नव्या नाहीत. पण एकाच माणसाचे बोलणे घरातील तरुणांनाही ऐकू येईनासे झाले असेल, तर दोष कानांचा नसून आवाजाचा आहे हे उघड आहे.

कंपाकडे आता वळू. कंपवाताच्या चार रुग्णांपैकी सुमारे तिघांना सुरुवातीला कंप असतो. त्याचे स्वरूप वैशिष्ट्यपूर्ण आहे. हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना, दूरदर्शन पाहताना किंवा चालताना तो दिसतो; कप उचलण्यासाठी हात पुढे केला की कमी होतो किंवा थांबतो, आणि झोपेत नाहीसा होतो. त्याची गती सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा इतकी असते. अंगठा आणि बोटे एकमेकांवर घासली जातात. जुन्या वैद्यांनी याची तुलना गोळ्या वळण्याशी केली. आपल्याकडे पाहणाऱ्याला हाती माळ नसताना जपमाळ ओढल्याचा भास व्हावा, असे ते दृश्य असते. मन अस्वस्थ झाले, घाई झाली, मनातल्या मनात हिशेब करावा लागला, की कंप वाढतो. तो लपवण्याच्या युक्त्या रुग्ण लवकर शिकतो. हात खिशात घातलेला असतो, पदराखाली असतो, नाहीतर दुसऱ्या हाताने धरून ठेवलेला असतो.

याउलट कप तोंडाशी नेताना, सुईत दोरा ओवताना किंवा लिहिताना दोन्ही हात थरथरतात, अक्षर लहान न होता वेडेवाकडे आणि मोठे येते, कधी मान किंवा आवाजही कापतो, आणि वडिलांना किंवा आत्यालाही असेच होत असे असे आठवते, तेव्हा तो बहुधा निराळा, पुष्कळदा घराण्यात चालत आलेला कंप असतो. तो कंपवाताहून अधिक प्रमाणात आढळतो. थायरॉईड ग्रंथीचा अतिरेक, दम्यावरील काही औषधे, अतिशय चिंता यांनीही हात कापतात. बशीवर किणकिणणारा कप एकट्याने काहीच सिद्ध करीत नाही.

हालचाली बिघडण्याच्या कितीतरी वर्षे आधी काही मूक खुणा दिसू शकतात, हे अलीकडच्या काळातील संशोधनाने स्पष्ट झाले आहे. त्यांतील एक म्हणजे वास न येणे. फोडणीतील हिंग, देवघरातील कापूर, करपलेले दूध यांपैकी कशाचाच वास येईनासा होतो, आणि स्वयंपाकघरात गॅस गळत असला तरी कळत नाही. दुसरी, हट्टी बद्धकोष्ठता. या दोन्ही तक्रारींची इतर कारणे इतकी सर्वसामान्य आहेत, की त्यांवरून कंपवाताचा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. सर्दीने वास जातो, २०२० नंतर कोविडने तो लाखो लोकांचा गेला, आणि बद्धकोष्ठता तर उतारवयात घरोघरी असते. तिसरी खूण अधिक बोलकी आहे. निरोगी माणूस स्वप्न पाहत असतो तेव्हा त्याच्या शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल झालेले असतात. त्यामुळे स्वप्नातील धावणे अंथरुणात घडत नाही. काही माणसांमध्ये हा लगाम सुटतो. ती झोपेत ओरडतात, हातवारे करतात, लाथ मारतात, कधी शेजारी झोपलेल्या पत्नीला ठोसा बसतो आणि कधी स्वतःच खाटेवरून खाली पडतात. सकाळी त्यांना एवढेच आठवते की स्वप्नात कोणी अंगावर धावून आले होते. उतारवयात हा प्रकार नव्याने सुरू झालेल्यांपैकी पुष्कळांना पुढे काही वर्षांनी कंपवात किंवा त्याच जातीचा दुसरा आजार होतो. घरचे लोक मात्र अशा वेळी दृष्ट काढतात, अंगारा लावतात, नाहीतर दिवसा पाहिलेल्या मालिकेला दोष देतात. उदासपणा आणि कारण नसलेली धास्ती यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाचे ‘मन लागत नाही’, हे खरे असते. पण ते नेहमीच निवृत्तीमुळे असते असे नाही.

यानंतर ज्या गोष्टीचा विचार करायचा तिच्याकडे भारतात फारच दुर्लक्ष होते. काही औषधे हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे निर्माण करतात. चक्कर येते म्हणून दिली जाणारी सिनारिझिन आणि अर्धशिशीसाठी दिली जाणारी फ्लुनारिझिन, उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रामाइड, आम्लपित्ताच्या काही गोळ्यांत मिसळलेले लेव्होसल्पिराइड, आणि मानसिक आजारांवरील अनेक औषधे ही त्यांतील प्रमुख होत. ती डोपामीनच्या कार्यात अडथळा आणतात. आठवडाभरासाठी लिहून दिलेली गोळी वृद्ध माणूस जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून वर्षानुवर्षे आणत राहतो. हळूहळू त्याची हालचाल मंदावते, हात कापू लागतो, आणि मग त्या कंपासाठी आणखी एक औषध सुरू होते. हा प्रकार वेळीच ओळखला तर मूळ औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकांची लक्षणे ओसरतात. अर्थात कोणते औषध बंद करायचे आणि कसे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते; मानसिक आजारावरील औषध घरच्या घरी एकाएकी थांबवणे धोक्याचे आहे. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, चूर्णे आणि काढे यांसह, एका पिशवीत घालून नेली तर अर्धे काम होते.

एक सावधगिरी येथेच सांगितलेली बरी. कंपवात कधीही एका रात्रीत येत नाही. हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली, तर तो पक्षाघाताचा झटका समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे लागते. तेथे एकेक मिनिट मोलाचे असते. तसेच आजाराच्या पहिल्याच वर्षात माणूस वारंवार पडू लागला, किंवा विस्मरण फार लवकर सुरू झाले, तर तो साध्या कंपवाताहून वेगळा विकार असण्याची शक्यता असते.

हा आजार साठीनंतर अधिक आढळतो. साठीपुढील शंभर माणसांत सुमारे एकाला तो असतो असा अंदाज आहे, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत त्याचे प्रमाण काहीसे जास्त आहे. मुंबईतील पारशी समाजाच्या पाहणीचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा दर लाख लोकांमागे सुमारे ३२८ रुग्ण आढळल्याचे दिसून आले. हा आकडा त्या काळच्या इतर देशांतील आकड्यांहून बराच वरचा होता. त्या समाजात वृद्धांची संख्या मोठी आहे, हे त्याचे एक कारण. आयुर्मान वाढत चाललेल्या भारतासारख्या देशाने त्यातून काय ओळखायचे ते स्पष्ट आहे. तरीही कंपवात म्हणजे म्हाताऱ्यांचाच आजार, असे समजणे बरोबर नाही. जगज्जेता मुष्टियोद्धा मुहम्मद अली याला १९८४ साली या आजाराचे निदान झाले, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याने कापऱ्या हाताने ज्योत पेटवली, ते दृश्य जगभर पाहिले गेले.

घरात रोज सोबत असणाऱ्यांना हे बदल सहसा दिसत नाहीत. ते इतके संथ असतात की नजर त्यांना सरावते. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूरच्या शहरात असतात. ती दिवाळीला घरी येतात आणि दारातच विचारतात, ‘आई, तू एवढी वाकून का चालतेस?’ वर्षभराने भेटणाऱ्या भाचीला किंवा जुन्या शेजाऱ्याला जे पहिल्या क्षणी जाणवते, ते घरच्यांना सांगावे लागते. तेव्हा पाहुण्याने असे काही म्हटले तर ‘उगाच काहीतरी’ म्हणून ते झटकून टाकू नये. लग्नसमारंभांची जुनी चित्रफीत अशा वेळी उपयोगी पडते. तीत दोन्ही हात झुलवत चालणारा माणूस आणि आज अंगणातून येणारा माणूस यांतील फरक सर्वांनाच दिसतो.

निदान करण्यासाठी नेहमीच्या वापरातील अशी एकही रक्तचाचणी नाही, जिच्या कागदावर ‘कंपवात’ असे छापून यावे. मेंदूचा एमआरआय काढला तर तो बहुधा वयाला साजेसाच येतो. इतर आजार नाहीत ना, हे पाहण्यासाठी त्याचा उपयोग होतो. त्यामुळे अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त होणे योग्य नाही. डॉक्टर रुग्णाला चालायला लावतात, वळायला सांगतात, मनगट हलवून त्याचा ताठपणा पाहतात, लिहून घेतात. मेंदूविकारतज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत असल्याने पहिली शंका प्राथमिक आरोग्यकेंद्रातील किंवा गल्लीतील नेहमीच्या डॉक्टरांपुढेच मांडावी लागते, आणि त्यांना रुग्ण पाच मिनिटेच दिसतो. म्हणून काय, केव्हापासून आणि कोणत्या बाजूला दिसते, हे घरच्यांनी कागदावर लिहून नेलेले बरे.

मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत करणारे औषध आज नाही. मात्र डोपामीनची उणीव भरून काढता येते. त्यामागील शोधाची कथा भारताशी दोन ठिकाणी जोडलेली आहे. आर्व्हिड कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९५७ च्या सुमारास सशांना रेसर्पीन हे द्रव्य टोचले, तेव्हा ते निश्चल झाले. लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. हे रेसर्पीन आपल्याकडील सर्पगंधा या वनस्पतीतून मिळते. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९६० साली व्हिएन्नामध्ये ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्यांच्या मेंदूत डोपामीन घटल्याचे दाखवले, आणि १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा तोंडावाटे वाढत्या मात्रेने देऊन रुग्ण हिंडू-फिरू लागल्याचे प्रसिद्ध केले. लेव्होडोपा हे द्रव्य खाजकुइलीच्या, म्हणजे आयुर्वेदातील कपिकच्छूच्या, बियांतही असते. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ सालीच ते त्यांतून वेगळे काढले होते. म्हणून बाजारातील चूर्ण आपल्या मनाने घ्यावे असा याचा अर्थ होत नाही. त्यात औषधाची मात्रा किती हे कळत नाही, आणि चालू गोळ्यांत तिची भर पडली तर अपाय होऊ शकतो.

औषध लवकर सुरू केले तर पुढे लागू पडणार नाही, या भीतीने काही जण ते लांबवतात. आजच्या जाणकारांचा कल याला अनुकूल नाही. दैनंदिन कामे अडू लागली की उपचार सुरू करावेत, असेच ते सांगतात. व्यायामाला तर पहिल्या दिवसापासून महत्त्व आहे. भराभर चालणे, पावले लांब टाकणे, मोठ्याने वाचन करणे, तालावर नाचणे यांनी हालचाल आणि तोल सुधारतो. एकट्याने हे नेटाने करणे कठीण जाते. त्यासाठी पुण्यात ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ आहे. मुंबईत २००१ साली ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ स्थापन झाली, आणि तिची आधारकेंद्रे देशातील इतर शहरांतही चालतात. अशा मेळाव्यात हात लपवावा लागत नाही, याचेच नव्याने येणाऱ्याला प्रथम हायसे वाटते. आजार संसर्गजन्य नाही, करणी-बाधेचा त्याच्याशी संबंध नाही, आणि तो मागील जन्माचे फळही नव्हे, या गोष्टी तेथे कोणी व्याख्यान देऊन सांगत नाही. शेजारी बसलेल्यांकडे पाहूनच त्या उमगतात.

‘दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६’ या कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली असून त्यांत पार्किन्सनच्या आजाराचा नावाने समावेश आहे. आरंभीच्या अवस्थेत रुग्ण आपली कामे स्वतः करीत असतो, त्यामुळे त्याला या तरतुदीची गरज लगेच भासत नाही. पुढे दिव्यांगत्वाचे प्रमाण चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केले, तर कायद्यातील अनेक सवलतींना तो पात्र ठरतो. त्या वेळी पहिल्या तपासणीपासूनचे कागद मागितले जातात. ते तारीखवार लावून एका जागी ठेवणे हे काम निदान झाले त्याच दिवशी सुरू करता येते.